तिफण, सरवा, पेव हे शब्द पहिल्यांदा कुणी लिहिले? इंग्रजीत सालासकट नोंद असते, आपली कुठं बघायची?

वावरकरी_औसा :

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझी पोरगी आठवीला आहे, शिकायला लातूरला ठेवलीय. तिनं निबंधात लिहिलं की येळवसला (वेळ अमावस्येला) आम्ही वावरात गेलो अन् कडब्याच्या कोपीत बसून भज्जी-आंबील खाल्ली. वही परत आली तर 'वावर' ह्या शब्दाला लाल गोल अन् वर 'शेत' लिहिलेलं. पोरगी फोनवर विचारायली, पप्पा वावर हा चुकीचा शब्द आहे का? मला काय बोलावं सुचंना, आमच्या सात पिढ्या त्याला वावरच म्हणत आल्या.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला त्यांना प्रोजेक्ट मिळालं, कुठलेही दहा इंग्रजी शब्द घ्या अन् ते पहिल्यांदा कधी लिहिलेले सापडतात ते शोधा. हिनं मुद्दाम शेतीचे घेतले. तर प्रत्येक शब्दापुढं साल आहे हो, ब्रॉडकास्ट १७६७, आफ्टरमॅथ १५२० च्या दशकातला, असं. सुट्टीला आली तेव्हा ती वही घेऊन माझ्यापुढं बसली अन् म्हणली, पप्पा तिफणीचं साल कोणतं?

आमच्याकडं आता तिफण, म्हणजे बैलानं ओढायचं तीन फणांचं पेरणीचं अवजार, नाही, पेरणी ट्रॅक्टरनं होते, पण तिफणीचं चाडं, ज्यात बी सोडतात ते, तेवढं अजून कोठ्यात खुंटीला अडकवलेलं आहे, बाभळीच्या लाकडाचं, तीन भोकाचं. आई अन् आजीनं पेरताना जिथं मूठ टेकवली त्या कडेला लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की हात फिरवला तर तेल लावल्यासारखं लागतं. मी ते काढून पोरीच्या हातात दिलं, पण साल काही देता आलं नाही.

तर विचारायचं असं की एक तर इंग्रजीतल्या त्या सालाचा अर्थ नेमका काय, त्या सालाच्या आधी तो शब्द नव्हताच का. अन् दुसरं, तिफण, चाडं, वखर, रुमणं, सरवा, मातेरं, पेव, घात, सरमाड, कणगी असल्या शेतीच्या शब्दांची पहिली नोंद बघायची तर कुठं बघायची. आजोबांचा एक जमिनीचा कागद पण आहे, त्याच्यावर फसली १३४० लिहिलंय, ते कोणतं साल हे पण कुणी सांगितलं तर बरं होईल. आई सत्तरीत आहे, तिच्या तोंडात हे शब्द अजून रोज असतात, तिच्यामागं कोण बोलंल सांगता येत नाही, म्हणून जरा घाईनं विचारायलो.


गोदाकाठ_नांदेड :

दादा, पोरीला आधी माझ्याकडून शाबासकी सांगा. कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

ते साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, त्या सालचा लिहिलेला पुरावा हाती लागला एवढाच त्याचा अर्थ. लोकं त्याच्या आधी शे-दोनशे वर्षं बोलत असतील, पण शेतकऱ्याचं बोलणं कागदावर कोण घेतंय. इंग्रजीचा मोठा ऑक्सफर्ड कोश ज्यातून झाला तो विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली सुरू झाला, पुढं संपादक जेम्स मरे यांनी १८७९ ला वाचणाऱ्या सगळ्यांना जाहीर आवाहन केलं की जुनी-नवी पुस्तकं वाचा, शब्द सापडला की चिठ्ठीवर शब्द, त्याचं वाक्य, पुस्तक अन् साल लिहून पाठवा. लोकांनी खरंच लाखांनी चिठ्ठ्या पाठवल्या, पहिला भाग १८८४ ला निघाला अन् काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. म्हणजे ही सालं अशी घराघरातनं गोळा झालीत, एका माणसाच्या डोक्यातली नाहीत.

आता पोरीच्या वहीतला आफ्टरमॅथ घ्या. आज बातम्यात भूकंपाचं आफ्टरमॅथ, युद्धाचं आफ्टरमॅथ असं ऐकतो, पण त्यातला मॅथ म्हणजे गणित नाही, जुन्या इंग्रजीत ते गवताच्या कापणीला म्हणायचे. पहिली कापणी झाल्यावर त्याच रानात जे गवत पुन्हा फुटून येतं ते आफ्टरमॅथ. आपला उसाचा खोडवा किंवा कापसाची फरदड, अगदी तेच. वाईट घटनेच्या मागून येणारं ते सगळं हा अर्थ शंभरेक वर्षांनी, १६५० च्या दशकात दिसायला लागतो. अन् फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या सालापर्यंत मुक्कामाला राहते, तो अर्थ तर आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची पण गरज नाही.

ब्रॉडकास्ट म्हणजे बी मुठीनं लांब फोकणं, तासात, म्हणजे फणानं ओढलेल्या ओळीत, न पेरता रानभर विस्कटून टाकणं. रेडिओला तो शब्द लागला १९२० च्या सुमारास. डेलिरियम म्हणजे तापात बरळणं, इंग्रजीत १५९० च्या दशकातला, पण लॅटिनमध्ये मूळ अर्थ तास सोडून भलतीकडं नांगर जाणं. आमचे वडील बैलाला ओरडायचे, "तासात चल, तासात", ते आठवलं की हा शब्द मला वर्गात शिकवावाच लागत नाही, गोष्ट सांगितली की पोरांना कळतो. ट्रिब्युलेशन म्हणजे हाल, छळ, हा शब्द इंग्रजीत बाराशेच्या आसपास आला. त्याच्या पोटात लॅटिनचा ट्रिब्युलम आहे, खळ्यावर धान्य मळायचं दातेरी फळ्यांचं अवजार. माणसाचा जीव मळणीत सापडला असा तो शब्द.

अन् सगळ्यात मला जो लागतो तो फार्मर. आज आपण शेतकऱ्याला फार्मर म्हणतो पण मुळात फार्म म्हणजे ठरलेला खंड, ठोक रक्कम, अन् चौदाव्या शतकात फार्मर म्हणजे तो खंड नाहीतर कर गोळा करायचा मक्ता घेतलेला माणूस. जमीन कसणाऱ्याला हजबंडमन म्हणायचे. फार्मरचा आजचा अर्थ १५९० च्या दशकात कुठं रुळायला लागला. वसुली करणाऱ्याचं नाव कसणाऱ्याला चिकटलं, ह्याच्यावर कितीदा वर्गात बोललो तरी माझं मन भरत नाही.


कापूसवाला_परळी :

गोदाकाठ सर मस्त. माझ्याकडून एकच भर. खंडी हा आपला शब्द इंग्रजीत कँडी म्हणून गेलेला आहे, खायची कँडी नाही, वजनाची. वीस मणाची खंडी. आज पण कापसाच्या गाठीचा भाव बघा, टीव्हीवर, मोबाईलवर, कॉटनवाले कँडीमध्येच सांगतात, एक कँडी ३५६ किलो रुईची. जिनिंगवर पोरं कँडी कँडी करतात, मी त्यांना सांगतो अरे ही आपल्या पणज्याची खंडी आहे. तसंच 'गावरानी' हा शब्द आपल्या नांदेडकडच्या देशी कापसाचं नाव म्हणून इंग्रजी व्यापारात जसाच्या तसा चालायचा. वहीत घ्यायला सांगा पोरीला.


हिंदभक्त_७ :

इतकं कशाला शोधायचं, अर्धी इंग्रजी आपल्याकडूनच गेलेली आहे. ॲग्रिकल्चर म्हणजे अग्र + कल्चर, शेती सगळ्यात अग्रेसर म्हणून. एकर हा पण संस्कृतमधून चोरलेला. हार्वेस्ट म्हणजे हर + वेस्ट. शाळेत हे शिकवत नाहीत हेच दुर्दैव.


जुनी_पोथी :

हिंदभक्त दादा, भाषेवरचं तुमचं प्रेम पोचलं, पण नुसता आवाज जुळला म्हणून शब्द जुळत नाही, अन् खरी गोष्ट तर ह्याच्यापेक्षा किती तरी चांगली आहे, ती ऐका.

ॲग्रिकल्चरमधला ॲगर हा लॅटिन शब्द, अर्थ रान, शेत. जुन्या इंग्रजीत एकरचा अर्थ पण रानच, माप नंतरचं. अन् ऋग्वेदात 'अज्र' शब्द आहे, त्याचा अर्थ मोकळं रान, माळ. हे तिघं एका आजीची नातवंडं आहेत, कुणी कुणाकडून चोरलेलं नाही. म्हणजे इंग्रजाच्या मोजणीबरोबर एकर जेव्हा आपल्या सातबाऱ्यावर येऊन बसला तेव्हा हजारो वर्षांपूर्वी वेगळा निघालेला चुलतभाऊच घरी आला म्हणायचं. हार्वेस्टचा हरशी काही संबंध नाही, तो शब्द जुन्या इंग्रजीत सुगीच्या ऋतूचं नाव होता, जर्मनमध्ये अजून हेर्ब्स्ट म्हणजे शरद ऋतू. अन् गंमत बघा, आपण खरीप म्हणतो तो अरबी शब्द, त्याचाही मूळ अर्थ शरद ऋतू, अन् रब्बी म्हणजे वसंत. तिकडं पण ऋतूचं नाव पिकाला लागलं, इकडं पण.

आता वावरकरी दादांचा दुसरा प्रश्न. मराठीत ऑक्सफर्डसारखा प्रत्येक शब्दाला साल लावलेला एकच मोठा ग्रंथ नाही, पण हात अगदीच रिकामे पण नाहीत. छापील कोशात बघायचं तर विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० चा, श्रीरामपूरला छापलेला, मग मोल्सवर्थ १८३१ अन् त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. (वर सर म्हणले त्याच १८५७ सालची, मला हे दोन्ही आकडे एकत्र बघून अंगावर काटा आला.) मोल्सवर्थ उघडला की तुमचा सरवा मिळतो, पेंव मिळतं, मातेरं मिळतं, अन् अर्थ नुसता पर्यायी शब्द देऊन सोडलेला नाही, गावात बसून विचारल्यासारखा आहे. तुमच्या पोरीचं वावर पण त्यात आहे. वहीवर लाल गोल काढणाऱ्या बाईंशी भांडू नका, ते पान दाखवा फक्त. पुढं दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये निघाला, सात खंड, त्यात प्रांतवार शब्द अन् जुन्या ग्रंथातले दाखले आहेत. अन् एकदम जुनं बघायचं तर तुळपुळे अन् फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे, १९९९ चा, शिलालेख अन् यादवकाळातल्या ग्रंथातले शब्द, कुठं आले त्याच्या ठिकाणासकट.

उदाहरण मोटेचं देतो. सावता माळी अरणचे, समाधी १२९५ ची. "मोट, नाडा, विहीर, दोरी, अवघी व्यापिली पंढरी" हे वारीत कितीदा म्हणतो आपण. अभंग तोंडातोंडी आले, हस्तलिखितं मागाहूनची, म्हणून कोशकार तिथं जपून पाऊल टाकतो. पण मळ्यात उभं राहून देवाला ज्या वस्तू दाखवाव्या वाटल्या त्यात नाडा पण आहे, मोट ओढायचा जाड दोर, ह्यातच सगळं आलं.

त्याच्याही मागं जायचं तर आपल्या पैठणच्या सातवाहनांच्या नावावर असलेली हालाची गाथासप्तशती बघा, प्राकृतातली. तिच्यात हालिअ म्हणजे नांगऱ्या, हाळकरी, सारखा भेटतो, त्याची बायको भेटते, त्याचं रान भेटतं. अन् नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीनं भिक्षूंना जमीन दिल्याचा लेख आहे, माप लिहिलंय दोनशे निवर्तनं. निवर्तन म्हणजे वळणं, माघारी फिरणं. हा शब्द वाचला की मला बांधाशी येऊन फिरणारी बैलजोडीच दिसते.


गोदाकाठ_नांदेड :

पोथीवाले, निवर्तन वाचून राहवलं नाही म्हणून परत आलो. इंग्रजीतला फर्लांग हाच आहे हो! फरो म्हणजे तास, लाँग म्हणजे लांब, बैलं दमून वळायच्या आत जेवढं तास निघतं तेवढी लांबी, नंतर ती २२० यार्ड ठरली. आपली म्हातारी माणसं अजून म्हणतात, "हितनं फर्लांगभर हाय". अन् जुना एकर म्हणजे एका दिवसात बैलाच्या जोडीनं नांगरून होईल तेवढं रान. एक फर्लांग लांब अन् २२ यार्ड रुंद, गुणाकार केला की ४८४० चौरस यार्ड येतात, तोच आजचा एकर. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, असे चाळीस घातले की बरोबर एकर भरतो. तलाठी सातबाऱ्यावर जो आकडा लिहितो त्याच्या पोटात कुठल्या तरी जुन्या बैलजोडीचा एक दिवस आहे.


बालाघाट_म्हातारा :

समद्यांचं वाचलं. नातू टाइप करायलाय, मी सांगायलो.

तुम्ही कागदाचं बोलायलेत, मी पेव डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आमच्या वाड्यात दोन पेवं होती. पेव काळ्या रानात नसतंय खांदत, पांढरीत खांदत्यात, गावठाणाच्या मातीत, कारण काळीत ओल धरती, ती पावसात फुगती अन् उन्हाळ्यात भेगाळती. तोंड माणूस उतरंल एवढंच अरुंद अन् खाली पोट मोठं, रांजणावानी. आतून कडबा अन् भुसकाट लावून मग जवारी भरायची, वरून परत भुसकाट, मग दगड अन् माती, वर सारवून टाकलं की अनोळखी माणसाला कळत पण नव्हतं की पायाखाली धान्य हाय. साल साल जवारी ऱ्हायाची. एक वास यायचा तिला, पेवाची जवारी म्हणून वळखू यायची, काही जणाला त्याच भाकरीची चव लागायची.

पेव उघडलं की लगीच उतरायचं नाही, ही आमच्या बापानं शिकवलेली पहिली गोष्ट. आत वारं मेलेलं असतंय. दोरीला बांधून कंदील सोडायचा, कंदील इझला की समजायचं अजून टाइम हाय, तोंड उघडं ठिवून दुसऱ्या दिवशी परत कंदील. ज्यांनी घाई केली ती माणसं पेवातच ऱ्हायली, आमच्या भागात असं झालेलं हाय.

आता पेपरात येतंय क्लासचं पेव फुटलं, हॉटेलाचं पेव फुटलं. लिहिणाऱ्या पोराला पेव ठाव नाही. अन् मातेऱ्याचं पण तसंच. खळ्यावरची रास उचलली की खाली मातीत मिसळलेलं जे धान्य ऱ्हातंय ते मातेरं, ते पाखडून, धुऊन गरीब माणूस खात होतं. पीक काढून नेलं की वावरात पडलेली कणसं येचायची तो सरवा, अन् सरव्याला आलेल्या बाईला आमची आई कधी हाकलीत नव्हती, उलट पाथ धरणाऱ्या बायकांना म्हणायची, लई झाडून पुसून काढू नगा, मागं चार कणसं ऱ्हाऊ द्या. बहात्तर सालच्या दुष्काळात जवा मिलो, परदेशातनं आलेली लाल जवारी, खायाची पाळी आली तवा ह्याच आईनं मातेरं धुऊन आम्हाला भाकरी घातली. मातेरं म्हणलं की मला तिचं हात दिसत्यात, पान्यात बुडालेलं, माती खाली अन् दाणं वर. हे कोणच्या सालात लिहायचं ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी ठरवा.


परभणीची_पोर :

काका, तुमचं वाचून माझ्या आजोबांचा आवाज ऐकल्यासारखं झालं. नातवाला सांगा तुमचं हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव, खरंच.

मी परभणीला कृषी विद्यापीठात एमएस्सीला आहे. सरवा वाचून आठवलं, इंग्रजीत त्याला ग्लीन म्हणतात, चौदाव्या शतकातला शब्द, अन् कडेचं पीक, खाली पडलेलं धान्य गरिबाला सोडायचं हा तर बायबलमध्ये धर्माचा नियमच आहे. काकांच्या आईनं पुस्तक न वाचता तोच पाळला.

तिफणीबद्दल सांगते कारण मूळ प्रश्न तोच होता. आमच्या पुस्तकात पेरणी यंत्र म्हणलं की जेथ्रो टल, इंग्लंडमध्ये १७०१, अन् त्याचं पुस्तक १७३१ चं, ड्रिल हा शब्द पेरायच्या यंत्राला तिकडं त्याच सुमारास लागला. पण इकडची गोष्ट अशी की १७९० च्या दशकात कॅप्टन थॉमस हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दक्षिणेत आपल्या तिफणीसारखं पेरायचं अवजार चालताना बघितलं, नवल वाटून त्याचं सगळं वर्णन लिहून इंग्लंडच्या शेतकी मंडळाला पाठवलं, ते १७९७ मध्ये तिकडं छापून आलं. त्यांच्याकडं ड्रिलचा प्रसार अजून रेंगाळत होता अन् इथं खेड्यातला साधा शेतकरी तसल्याच अवजारानं रोज पेरत होता. पुढं १८९३ ला डॉ. व्होएल्कर यांचा हिंदुस्थानी शेतीवरचा मोठा अहवाल आला, त्यात पण इथल्या शेतकऱ्याच्या कसबाला मान दिलेला आहे.

अन् वावरकरी दादा, तुमच्या त्या चाड्याबद्दल एक सांगू का, त्यात खरी कारागिरी लाकडाची नाही, मुठीची आहे. तीन भोकं, तीन नळ, तीन फण, पण बी किती पडायचं ते ठरवणार बाईचा हात. बोटाच्या फटीतून दाणे सोडत बैलाच्या चालीबरोबर हात चालवायचा, बैल जलद झाला की मूठ जलद, जरा चुकलं की एका तासात दाट अन् दुसऱ्यात विरळ, अन् ती चूक पंधरा दिवसांनी उगवण झाली की सगळ्या गावाला दिसते. तुरीचं सरतं, म्हणजे बी सोडायची वेगळी नळी, मागं दोरीनं बांधलेलं असायचं, त्यावर दुसरी बाई. आज मी प्रयोगाच्या प्लॉटवर मीटरमागं किती बी पडलं ते मोजते, मशीनची चकती बदलते, अन् दर वेळी आजीची मूठ आठवते, तिला चकती नव्हती. आता सगळे बीबीएफ बीबीएफ म्हणतात, ते म्हणजे रुंद वरंबा अन् सरी, हे आपले सरळ शब्द असताना, ते पण लिहून ठेवायला पाहिजेत, वापरात आहेत तोवर.

दादा, फसली १३४० मध्ये ५९० मिळवा, १९३०-३१ येतं. निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर तेच साल चालायचं. फसल म्हणजे पीक, म्हणजे तुमच्या आजोबांच्या कागदावरचं सालच मुळी पिकाचं आहे.


तगर_तेर :

आमच्या तेरचं राहू देऊ नका. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक समुद्रप्रवासाच्या ग्रंथात तगर, म्हणजे आमचं तेर, अन् पैठण दोन्ही नावं आहेत, तगरहून सुती कापड अन् मलमल गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जायची असं त्यात लिहिलंय. कापसाला ग्रीकमध्ये कार्पासोस म्हणत, तो आपल्या कर्पासाचाच. अवजाराचं नाव नसेल मिळत, पण पिकाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी परक्याच्या वहीत चढलेलं आहे.


उंदीरमार_हदगाव :

थोडं अवांतर, पण रानातलंच. मुंगूस हा शब्द इंग्रजीत आपल्या मराठीतून गेलाय, जॉन फ्रायर नावाच्या डॉक्टरनं १६७३ च्या सुमाराच्या हकिकतीत लिहिलाय, पुस्तक छापलं १६९८ ला. अन् घुशीला ते बँडिकूट म्हणतात तो तेलुगू पंदिकोक्कु, म्हणजे डुकरउंदीर. आम्ही तेलंगणाच्या शिवेवरचे, आमच्या रानात दोन्ही आहेत.


वावरकरी_औसा :

सगळ्यांचे लई आभार, मी हे सगळं प्रिंट काढून पोरीला दिलं. बालाघाटचे काका, तुमचं पेवाचं आईला वाचून दाखवलं तर ती मधीच म्हणली, कंदील नाही, आमच्याकडं पणती सोडायचे टोपलीत ठिवून. अन् मग तासभर बोलत बसली.

मोल्सवर्थ मोबाईलवर उघडता येतो हे मला माहीत नव्हतं. पोरीनं वावर काढून बाईंना दाखवलं. बाईंनी ते नीट वाचलं अन् वर्गात सगळ्यांना विचारलं की तुमच्या घरी शेताला काय काय म्हणतात, तर रान, वावर, मळा, पट्टी, शिवार असे फळाभर शब्द झाले. बाईंचं माहेर पण खेड्यातलंच निघालं.

सरांनी त्या मरे साहेबाच्या चिठ्ठ्यांचं सांगितलं ते पोरीच्या मनात बसलं. तिनं पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापलेत अन् आजीपुढं बसून लिहायलीय, आतापर्यंत एकतीस झाल्या. पहिली चिठ्ठी 'घात' ह्या शब्दाची, कारण तिला वाटायचं घात म्हणजे दगाफटका, अन् आजी तर पाऊस झाला की खुशीत म्हणते, घात आली. मग आजीनं तिला परसात नेलं, ओली माती उचलून मुठीत दाबली, मूठ उघडली, गोळ्याला अंगठा लावला तर तो चिकटला नाही, भुसभुशीत फुटला. म्हणली ही घात, ह्याच्या आधी पेरलं तर रान चिकटतं, ह्याच्यानंतर पेरलं तर बी वाळतं. पोरगी विचारायली, आजी साल कोणतं लिहू? तू हा शब्द पहिल्यांदा कधी ऐकलास? आईनं जरा विचार केला.

चिठ्ठी जशी आहे तशी टाकतो :

शब्द : घात
अर्थ : पेरायला जमिनीत बरोबर ओल असते ती वेळ
वाक्य : "घात हाय तवर पेरून घ्या, उद्या रान सुकंल."
कोण बोललं : आजीची सासू, तिफणीच्या मागं चालताना
कुठं : आमचं खालचं वावर, तालुका औसा
साल : १९७१, आजी लग्न होऊन आली ते, दुष्काळाच्या आदलं